परदेशी व्यवस्थापन विद्यालयांतील एमबीए प्रवेश

परदेशी व्यवस्थापन विद्यालयांतील एमबीए प्रवेश म्हणजे स्वदेशाबाहेरील विद्यालयात व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळवण्याची प्रक्रिया होय. विद्यालयाची निवड, प्रवेशपरीक्षा, लेखी अर्ज, मुलाखत, पैशाची तजवीज आणि विद्यार्थी व्हिसा हे तिचे मुख्य टप्पे असून पहिल्या चौकशीपासून वर्ग सुरू होईपर्यंत साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात. या लेखात भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील अर्जदार समोर ठेवून माहिती दिली आहे. तथापि बहुतेक नियम कोणत्याही देशातून येणाऱ्या विद्यार्थ्याला लागू पडतात.

अभियांत्रिकी वा विज्ञान शाखेतील पदव्युत्तर प्रवेशापेक्षा ही प्रक्रिया एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. तेथे मुख्यतः विषयातील गती पाहिली जाते. येथे अर्जदाराने नोकरीत काय केले, पुढे काय करणार आणि वर्गातील इतरांना त्याच्यापासून काय शिकता येईल, हेही पाहिले जाते. त्यामुळे केवळ गुणांच्या जोरावर प्रवेश मिळेल ही आपल्याकडील परीक्षाकेंद्रित समजूत येथे वारंवार खोटी ठरते.

पार्श्वभूमी

पॅरिस येथे १८१९ मध्ये स्थापन झालेली ईएससीपी ही जगातील सर्वांत जुन्या व्यवस्थापन विद्यालयांपैकी एक मानली जाते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये, तर डार्टमथ कॉलेजचे टक स्कूल १९०० मध्ये सुरू झाले. एमबीए ही पदवी प्रथम दिली ती १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने. एखाद्या कंपनीपुढील प्रत्यक्ष पेचप्रसंग वर्गात मांडून त्यावर चर्चा घडवण्याची प्रकरण पद्धती याच संस्थेने रूढ केली. युरोपात हे शिक्षण दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावले. फ्रान्समधील इन्सियाड (१९५७), बार्सेलोनातील आयईएसई (१९५८) आणि लंडन बिझनेस स्कूल (१९६४) ही त्यांतील ठळक नावे होत.

भारताचा या परंपरेशी संबंध जुना आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची उभारणी १९६१ मध्ये हार्वर्डच्या, तर मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेची १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने झाली. पुढे प्रवाह उलटही वाहिला. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले नितीन नोहरिया २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झाले आणि त्यांच्यानंतर २०२१ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर श्रीकांत दातार यांनी ते पद स्वीकारले.

अभ्यासक्रमाचे प्रकार

अमेरिकेत पूर्णवेळ एमबीए बहुधा दोन वर्षांचे असते व दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात विद्यार्थी एखाद्या कंपनीत उमेदवारी करतात. युरोपात एका वर्षाचा अभ्यासक्रम अधिक प्रचलित आहे. इन्सियाडचे एमबीए तर दहा महिन्यांतच पूर्ण होते. लंडन बिझनेस स्कूलमध्ये पंधरा ते एकवीस महिन्यांत बाहेर पडण्याचे पर्याय दिले जातात. प्रवेश घेणाऱ्यांचे सरासरी वय सत्तावीस ते एकोणतीस आणि नोकरीचा अनुभव चार-पाच वर्षांचा असतो.

ज्यांनी नुकतीच पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी एमबीए हा योग्य अभ्यासक्रम नव्हे. त्यांच्यासाठी युरोपात ‘मास्टर इन मॅनेजमेंट’ हा वेगळा अभ्यासक्रम आहे. याशिवाय हार्वर्डच्या ‘टू प्लस टू’सारख्या योजनांमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षीच प्रवेश निश्चित करून, किमान दोन वर्षे नोकरी केल्यावर वर्गात दाखल होता येते. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी नोकरी सांभाळून करावयाचे एक्झिक्युटिव्ह एमबीए असते. बारावीनंतर बीकॉम, लगेच एमबीए आणि मग नोकरी असा आपल्याकडील रुळलेला क्रम परदेशात चालत नाही, हे पालकांना समजावून सांगणे अनेक अर्जदारांना परीक्षेपेक्षाही कठीण जाते.

दोन वर्षांचा की एका वर्षाचा अभ्यासक्रम निवडावा, हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. क्षेत्र पूर्णपणे बदलू इच्छिणाऱ्याला, उदाहरणार्थ संगणक अभियंत्याला वित्तक्षेत्रात जायचे असल्यास, मधल्या उन्हाळ्यातील उमेदवारी हा नव्या क्षेत्रातील प्रवेशाचा खरा दरवाजा ठरतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात तो बहुधा मिळत नाही. त्याच क्षेत्रात वरच्या पदावर जाऊ पाहणाऱ्याला मात्र दुसरे वर्ष अनावश्यक वाटू शकते.

विद्यालयाची निवड

निवडीची पहिली कसोटी म्हणजे मान्यता. व्यवस्थापन विद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन संस्था जगभर ओळखल्या जातात : अमेरिकेतील एएसीएसबी (स्थापना १९१६), लंडनची अँबा (१९६७) आणि ब्रसेल्सस्थित ईएफएमडीची इक्विस ही मान्यतापद्धती (१९९७). तिन्ही मान्यता असलेल्या विद्यालयांना ‘तिहेरी मुकुट’ लाभला असे म्हटले जाते. अमेरिकेतील काही अत्यंत नामांकित विद्यालयांकडे फक्त एएसीएसबीची मान्यता आहे. म्हणून मुकुट नसणे हे कमीपणाचे लक्षण समजू नये. मात्र तिन्हींपैकी एकही मान्यता नसलेल्या आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या संस्थेबाबत सावध राहणे इष्ट.

ही सावधगिरी पुस्तकी नाही. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी धाड घातली तेव्हा तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय असल्याचे आढळले. त्यांतील काहींच्या पायांत ठावठिकाणा दाखवणारी यंत्रे बसवण्यात आली व भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांतही जवळजवळ सर्व भारतीय होते. हे विद्यापीठ अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभे केले होते आणि तेथे ना वर्ग भरत होते, ना शिक्षक होते. सरकारी यादीत नाव आढळले म्हणजे चौकशी संपली असे मानता येत नाही, ते यामुळे. त्या संस्थेत शिकून गेलेल्या चार व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलता आले पाहिजे. असे चौघे सापडतच नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी कसोटी म्हणून सर्रास क्रमवारीकडे पाहिले जाते. फायनान्शियल टाइम्स हे वृत्तपत्र १९९९ पासून जागतिक एमबीए क्रमवारी प्रसिद्ध करते. तिच्यात माजी विद्यार्थ्यांचा पगार आणि शिक्षणापूर्वीच्या तुलनेत झालेली पगारवाढ यांना सर्वाधिक भार असतो. हे पगार क्रयशक्तीच्या तुलनेनुसार डॉलरमध्ये बदललेले असतात, बाजारातील विनिमय दराने नव्हे. भारतात रुपयाला अधिक वस्तू मिळत असल्याने येथील पगाराचा आकडा या पद्धतीत तीन ते चार पट फुगलेला दिसतो. क्रमवारीतील पगाराचा रकाना वाचून ‘एवढे डॉलर हाती येतील’ असा हिशेब मांडणे म्हणूनच चुकीचे ठरते.

क्रमवारीचा आधार असलेली माहिती विद्यालये स्वतःच पुरवतात, ही दुसरी मर्यादा. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलने आपल्या ऑनलाइन एमबीएबाबत यूएस न्यूज या नियतकालिकाला खोटी आकडेवारी दिली आणि त्या बळावर सलग चार वर्षे पहिला क्रमांक राखला. हे २०१८ मध्ये उघडकीस आले. अधिष्ठात्याला पद सोडावे लागले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. अशी प्रकरणे विरळा असली, तरी पंधराव्या आणि एकविसाव्या क्रमांकातील फरकाला आयुष्याचा निर्णय बांधणे शहाणपणाचे नाही. शिवाय अभ्यासक्रम बंदही पडतात. आयोवा आणि इलिनॉय या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांनी अलीकडच्या काळात आपले पूर्णवेळ एमबीए बंद केले.

क्रमवारीपेक्षा उपयुक्त आणि तरीही फारसा न वाचला जाणारा दस्तऐवज म्हणजे विद्यालयाचा वार्षिक रोजगार अहवाल. तो वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पदवीनंतर तीन महिन्यांच्या आत किती जणांना नोकरी मिळाली, हा आकडा साधारणतः ‘नोकरी शोधणाऱ्यां’पैकी काढलेला असतो. स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे, जुन्या कंपनीत परतणारे आणि माहिती न देणारे त्यातून वगळलेले असतात. सरासरी पगारही फक्त पगार कळवणाऱ्यांचा असतो. तिसरी आणि परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, अनेक अमेरिकी अहवालांत कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क असलेले आणि नसलेले अशी विभागणी दिलेली असते. एकूण आकडा कितीही उजळ असला तरी आपला आकडा दुसऱ्या रकान्यात आहे, हे विसरू नये.

देशाची निवड ही भाषेचीही निवड असते. फ्रान्स, जर्मनी वा स्पेनमध्ये एमबीएचे अध्यापन इंग्रजीत होते; परंतु तेथील स्थानिक कंपन्यांत काम मिळवण्यासाठी बहुधा त्या देशाची भाषा कामचलाऊपेक्षा बरी यावी लागते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात शून्यातून जर्मन शिकून नोकरी मिळवणे जवळपास अशक्य आहे, म्हणून भाषेची सुरुवात भारतातच, अर्ज करण्यापूर्वी झालेली बरी.

अर्ज किती ठिकाणी करावेत यास नियम नाही. चार ते सहा विद्यालयांपेक्षा अधिक अर्ज नीट लिहिणे नोकरी करणाऱ्याला जमत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी निवडीचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी असते, तेव्हा सर्वच अर्ज अशा शिखरावरच्या संस्थांत करणे आणि सर्वच अर्ज ‘नक्की मिळेल’ अशा ठिकाणी करणे या दोन्ही टोकांच्या चुका होत. जेथे प्रवेश मिळाल्यास खरोखर जाणार नाही, तेथे अर्जच करू नये.

प्रवेशपरीक्षा

व्यवस्थापन शिक्षणासाठी खास बनवलेली जीमॅट ही परीक्षा १९५४ पासून घेतली जाते. तिचे सध्याचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले. अंकगणिती तर्क, भाषिक तर्क आणि माहितीचे विश्लेषण असे पंचेचाळीस मिनिटांचे तीन विभाग, एकूण ६४ प्रश्न आणि २०५ ते ८०५ अशी गुणश्रेणी तिला आहे. पूर्वीचा निबंध वगळण्यात आला. जुन्या श्रेणीतील ७०० गुणांच्या तोडीला नव्या श्रेणीतील सुमारे ६४५ गुण येतात. जुनी पुस्तके आणि जुने सल्ले वाचणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. जीआरई ही दुसरी परीक्षाही आता बहुतेक विद्यालयांना चालते. दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात.

भारतीय अर्जदारांचे गणित सहसा चांगले असते, भाषिक विभागात गुण जातात. पाठांतराचा तेथे उपयोग नाही; दररोज एखादा वैचारिक इंग्रजी लेख वाचून त्याचा युक्तिवाद दोन ओळींत मांडण्याची सवय वर्षभर आधी लावून घेणे अधिक फलदायी ठरते. प्रत्यक्ष परीक्षेतील प्रश्न फोडून विकणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. अशाच एका संकेतस्थळाविरुद्ध परीक्षामंडळाने २००८ मध्ये दावा जिंकला आणि त्याचा वापर करणाऱ्या परीक्षार्थींचे गुण रद्द केले.

इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांना काही विद्यालये टोफेल वा आयईएल्ट्स माफ करतात. मात्र व्हिसासाठी ती परीक्षा स्वतंत्रपणे मागितली जाऊ शकते. या दोहोंचे गुण दोनच वर्षे चालतात.

कागदपत्रे

गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र आणि विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटात दिलेला उतारा ही मूळ कागदपत्रे होत. विद्यापीठाकडून उतारा मिळण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, तेव्हा ते काम प्रथम हाती घ्यावे. टक्केवारीचे चार गुणांच्या अमेरिकी श्रेणीत रूपांतर स्वतः करू नये. विद्यालयाने सांगितले नसल्यास आहेत ते गुण तसेच लिहावेत. जुन्या पद्धतीत मुंबई वा पुणे विद्यापीठाचे ६५ टक्के म्हणजे काय, हे भारतीय अर्ज वर्षानुवर्षे वाचणाऱ्या प्रवेश समित्यांना ठाऊक असते. तीन वर्षांची बीए, बीकॉम वा बीएस्सी पदवी बऱ्याच नामांकित विद्यालयांना मान्य आहे, परंतु सर्वांना नाही. काही विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

महाराष्ट्रातील अर्जदारांना नावाची अडचण हमखास येते. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि पुष्कळदा शेवटी आईचे नाव असा क्रम असतो, तर पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पदवी एका नावाची आणि पारपत्र दुसऱ्या नावाचे असा प्रकार होतो. परीक्षेची नोंदणी, अर्ज, कर्ज आणि व्हिसा या चारही ठिकाणी पारपत्रावरील नावच अक्षरशः तसेच लिहावे. जुन्या कागदपत्रांवरील फरकासाठी राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. आडनावाचा रकाना मोकळा असलेले पारपत्र असल्यास ते अर्जापूर्वी दुरुस्त करून घेणे सोयीचे.

निबंध व शिफारसपत्रे

निबंध हा अर्जाचा गाभा आहे. अर्जदाराने आजवर काय केले, पुढे काय करायचे आहे, त्यासाठी एमबीए का आणि याच विद्यालयात का, हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारले जातात. स्टॅनफर्ड अनेक वर्षे अर्जदाराला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते आणि का, असे विचारत आले आहे. या प्रश्नांना आदर्श उत्तर नसते.

भारतीय अर्जदारांचा मोठा भाग माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील पुरुष अभियंत्यांचा असतो. विद्यालये देशवार राखीव जागा ठेवत असल्याचे सांगत नाहीत, परंतु वर्गात विविधता हवी असे उघडपणे म्हणतात. परिणामी एकाच साच्यातील अर्जदारांची स्पर्धा प्रत्यक्षात एकमेकांशीच होते. ‘मी अकरा जणांच्या गटाचे नेतृत्व केले व प्रकल्प मुदतीत पूर्ण केला’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्याऐवजी प्रकल्प कोठे अडला, कोणाचा विरोध होता, आपला कोणता अंदाज चुकला आणि तो कसा कळला, हे सांगणारा निबंध वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. सांगलीच्या हळदीच्या व्यापारात वडिलांच्या पेढीचे हिशेब संगणकावर आणताना आलेला अनुभव हा बहुराष्ट्रीय कंपनीतील पदनामापेक्षा कमी दर्जाचा नाही. आपल्या घरगुती व्यवसायाविषयी लिहिण्याचा संकोच मराठी अर्जदारांत विशेष दिसतो. तो अनाठायी आहे.

दुसऱ्याचा मजकूर वापरणे अंगाशी येते. अनेक विद्यालये निबंध संगणकीय तपासणीतून काढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील अँडरसन स्कूलने २०१२ मध्ये वाङ्मयचौर्यामुळे पन्नासच्या आसपास अर्ज फेटाळले होते. आता यंत्राकडून लिहून घेतलेल्या निबंधांबाबतही विद्यालयांनी स्वतंत्र नियम केले असून ते प्रत्येक ठिकाणी निराळे आहेत.

शिफारसपत्रे सामान्यतः दोन लागतात आणि त्यांपैकी एक सध्याच्या वरिष्ठाचे असावे अशी अपेक्षा असते. कंपनीच्या अध्यक्षाचे चार गोड ओळींचे पत्र हे रोज सोबत काम करणाऱ्या व्यवस्थापकाच्या तपशीलवार पत्रापुढे निरुपयोगी ठरते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्या कार्यालयांतली आणि, खेदाने म्हणावे लागते, महाविद्यालयांतलीही रूढ पद्धत येथे नियमभंग समजली जाते. पत्र आणि निबंध यांची शैली एकच दिसली तर संशय येतो. शिफारस करणाऱ्याला आपल्या कामाचे मुद्दे व तारखा आठवण म्हणून देणे मात्र पूर्णपणे योग्य आहे. सध्याच्या कार्यालयात कळू द्यायचे नसल्यास माजी वरिष्ठ वा ग्राहक यांचे पत्र चालते. त्याचे कारण अर्जातील ऐच्छिक टिपणात एका वाक्यात द्यावे.

फेऱ्या आणि मुलाखत

अमेरिकी विद्यालयांत पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुसरी जानेवारीच्या आरंभी आणि काही ठिकाणी तिसरी मार्च-एप्रिलमध्ये असते. वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. इन्सियाडमध्ये जानेवारी आणि ऑगस्ट असे दोन प्रवेश असून प्रत्येकाच्या स्वतंत्र फेऱ्या होतात. परदेशी विद्यार्थ्याने शेवटची फेरी टाळावी. तोवर बहुतेक जागा आणि शिष्यवृत्तीचा निधी संपलेला असतो, शिवाय व्हिसासाठी वेळ उरत नाही. प्रत्येक अर्जाचे शुल्क नामांकित अमेरिकी विद्यालयांत दोनशे ते पावणेतीनशे डॉलर असते आणि ते परत मिळत नाही.

मुलाखत निमंत्रणानेच होते. हार्वर्डमध्ये प्रवेश समितीचा सदस्य अर्जदाराचा संपूर्ण अर्ज वाचून तीस मिनिटे प्रश्न विचारतो; इन्सियाडमध्ये दोन माजी विद्यार्थी वेगवेगळी मुलाखत घेतात; व्हार्टनमध्ये पाच-सहा अर्जदारांची गटचर्चा असते. गटचर्चेत सर्वांत अधिक बोलणारा निवडला जातो हा भारतीय शिकवणी वर्गांनी पसरवलेला समज तेथे उपयोगी पडत नाही. दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणाऱ्याची नोंद घेतली जाते.

खर्च व अर्थसाहाय्य

अमेरिकेतील अग्रगण्य विद्यालयांचे एका वर्षाचे केवळ शिक्षणशुल्क ७५ हजार डॉलरांच्या पुढे गेले आहे. राहणे, जेवण व आरोग्यविमा धरून दोन वर्षांचा एकूण खर्च दोन लाख डॉलरांहून अधिक होतो. इन्सियाडचे शुल्क एक लाख युरोंच्या घरात आहे. यात दोन वर्षांचा बुडालेला पगार मिळवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

शिष्यवृत्त्या मुख्यतः विद्यालयेच देतात. हार्वर्ड केवळ आर्थिक गरजेनुसार मदत देते, तर अन्य बहुसंख्य विद्यालये गुणवत्तेवर शुल्कसवलत देतात. भारतीय नागरिकांसाठी स्टॅनफर्डमध्ये रिलायन्स धीरूभाई अभ्यासवृत्ती आहे. ती स्वीकारणाऱ्याने पदवीनंतर भारतात परतून किमान दोन वर्षे काम करावे अशी अट असते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यात विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान, वय व उत्पन्न यांविषयीच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्या लागतात. मुंबईतील जे. एन. टाटा एंडोमेंट हा १८९२ मध्ये स्थापन झालेला न्यास परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो.

उरलेली रक्कम कर्जातून उभी राहते. भारतीय बँकांचे शैक्षणिक कर्ज साधारणतः साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते. त्यापुढे सार्वजनिक बँका बहुधा घर, बिनशेती जमीन वा मुदतठेव तारण मागतात. खासगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण त्यांचा व्याजदर चढा असतो. इन्सियाडच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेली प्रॉडिजी फायनान्स ही संस्था जामीनदाराशिवाय, भावी उत्पन्नाचा अंदाज घेऊन परकीय चलनात कर्ज देते.

उदाहरणादाखल ८० लाख रुपयांचे कर्ज साडेदहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे झाल्यास दरमहा हप्ता सुमारे १ लाख ८ हजार रुपये येतो. अभ्यासकाळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. परदेशात नोकरी मिळाली तर हा हप्ता सहज पेलतो. भारतात परतावे लागले तर बऱ्याच परतलेल्या पदवीधरांच्या पगाराचा निम्मा भाग तो खाऊन टाकतो. तारण म्हणून आईवडिलांचे राहते घर दिलेले असेल, तर हा हिशेब ‘नोकरी न मिळाल्यास’ या गृहीतावर निदान एकदा कागदावर मांडून घरातील सर्वांना दाखवावा. कर्जाचे चलनही लक्षात घ्यावे. २०१४ मध्ये डॉलर साठ-बासष्ट रुपयांना होता, २०२४ मध्ये तो ८३ रुपयांवर गेला. डॉलरमध्ये कर्ज आणि रुपयांत पगार ही सर्वांत वाईट जोडी होय.

परदेशी रक्कम पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रतिव्यक्ती दरवर्षी अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे. ठरावीक रकमेपुढे बँक उगमस्थानी कर गोळा करते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो एप्रिल २०२५ पासून लागत नाही.

व्हिसा व शिक्षणानंतरचे काम

अमेरिकेत प्रवेश व पैशाची सोय सिद्ध झाल्यावर विद्यालय आय-२० हे पत्र देते. त्यानंतर ३५० डॉलर सेव्हिस शुल्क व १८५ डॉलर व्हिसा शुल्क भरून वकिलातीत मुलाखत होते. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांना सामान्यतः मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात जावे लागते. प्रत्येक अर्जदार स्थायिक होण्यासाठीच येत आहे असे कायद्याचे गृहीत असते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. २०२५ च्या मे-जूनमध्ये नव्या विद्यार्थी मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते व पुढे अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्यासाठी खुली ठेवण्याची अट आली. उशिराच्या फेरीतील धोका यावरून समजावा.

पदवीनंतर बारा महिने काम करण्याची मुभा असते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान वर्गात नोंदलेला असल्यास आणखी चोवीस महिने मिळतात. म्हणूनच अनेक विद्यालयांनी आपले एमबीए पूर्णतः वा अंशतः त्या वर्गात नोंदवून घेतले आहे. तशी नोंद आहे का, हे निवडीच्या वेळीच पाहावे. पुढच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार असून निवड सोडतीने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाल्याने भारतात परतून पुन्हा जाण्याचा मार्ग अधिकच अरुंद झाला.

ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाची सवलत २०१२ मध्ये बंद केली आणि जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू केली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमबीए पदवीधरांसाठी ती अठरा महिन्यांवर येणार आहे. जानेवारी २०२४ पासून तेथे अध्यापनाधिष्ठित पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेता येत नाहीत; विवाहित अर्जदारांसाठी ही बाब निर्णायक ठरू शकते. जर्मनीत पदवीनंतर अठरा महिने नोकरी शोधता येते, मात्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या सत्यतेचे एपीएस प्रमाणपत्र व्हिसापूर्वीच घ्यावे लागते. कॅनडात पदव्युत्तर पदवीधरांना तीन वर्षांपर्यंत कामाचा परवाना मिळू शकतो.

सल्लागार व दलाल

अर्जात मदत करणारे सल्लागार दोन प्रकारचे असतात. काही अर्जदाराकडून शुल्क घेतात, तर काही विद्यार्थी पाठवल्याबद्दल विद्यापीठाकडून दलाली घेतात. दुसऱ्या प्रकारचा सल्ला ‘मोफत’ असतो, परंतु त्यांच्या यादीत दलाली देणारीच विद्यापीठे असतात. पहिल्या श्रेणीतील विद्यालये सहसा दलालांमार्फत प्रवेश देत नाहीत. २०२३ मध्ये कॅनडात शिकून काम करू लागलेल्या अनेक भारतीयांना, त्यांची मूळ प्रवेशपत्रे दलालाने बनावट दिल्याचे उघड झाल्यावर, हद्दपारीच्या नोटिसा आल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम केला. प्रवेशपत्र सल्लागाराकडून हाती आले तरी विद्यालयाच्या कार्यालयाला अर्जदाराने स्वतः ईपत्र लिहून खात्री करावी, आणि अर्जाचा परवलीचा शब्द स्वतःच्याच ताब्यात ठेवावा.

निकालानंतर

निकाल प्रवेश, प्रतीक्षायादी किंवा नकार असा येतो. प्रतीक्षायादीतील अर्जदाराने विद्यालयाने परवानगी दिली असेल तरच नवी माहिती, उदाहरणार्थ बढती वा वाढलेले गुण, कळवावी. शिष्यवृत्ती वाढवून मागणे अशिष्ट मानले जात नाही. दुसऱ्या विद्यालयाच्या प्रस्तावाची प्रत जोडून सभ्य शब्दांत विचारता येते. प्रवेश स्वीकारताना भरावयाची अनामत बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, व्हिसा नाकारल्यास मिळते की नाही हे नियमावलीत पाहावे. नोकरी, पगार व पदवी यांची पडताळणी स्वतंत्र संस्थेमार्फत होते आणि विसंगती आढळल्यास दिलेला प्रवेश मागे घेतला जातो. नकार मिळालेल्यांना पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. अशा अर्जात मधल्या वर्षात काय बदलले, याचे वेगळे टिपण बहुतेक विद्यालये मागतात.